पुढच्या चाकाचं दार

दस्तगीर, माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलं बोलावं म्हणतात. मी बोललो. कब्रस्तानाबाहेर बोललो, उद्यमनगरात तुझ्या शेजारच्या शेडमध्ये बोललो, चहाच्या गाड्यावर लोक तुझं नाव काढून मान हलवायचे तेव्हा त्यांच्याबरोबर मीही मान हलवली. हाताला यश असलेला माणूस, शब्दाला पक्का, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळं खरं आहे. पण गेले चार महिने माझ्या तोंडात तुझ्यासाठी फक्त शिव्या आहेत आणि त्या ऐकायला तू नाहीस. आज त्या काढणार आहे. राग आला तर ये आणि भांड.

ज्यांना आपलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो, तू मध्ये तोंड घालू नकोस. आपण दोघं, म्हणजे लेथवाला दस्तगीर शिकलगार आणि पाट्या रंगवणारा मी, आनंदा, गेली काही वर्षं एक विमान करत होतो. खेळण्यातलं नव्हे. मिग एकवीस, खऱ्याच्या आठव्या हिश्शाएवढं, माणसाहून लांब, पोटात रॉकेलवर चालणारं तांब्याएवढं खरंखुरं जेट इंजिन आणि जमिनीवर माझ्या हातात रिमोट. बाहेरची फायबरची बॉडी आणि रंग माझा, आतलं सगळं पितळ, स्टील, ॲल्युमिनियम तुझं. उडवायचं मी, कारण रिमोटच्या दांड्या हातात आल्या की तुला दरदरून घाम फुटायचा. शिकायच्या थर्माकोलच्या विमानांचा तू जो चुरा केलास तो मीच गोणीत भरून टाकलाय, त्यामुळे यावर वाद नको.

कोल्हापुरात माणसाला कसला ना कसला नाद असतोच. कुणी शर्यतीचा बैल सांभाळतो, कुणी कबुतरं, कुणी पोरगा कुस्तीत पुढं यावा म्हणून दारात म्हैस बांधतो. आपला नाद जरा जास्त शहाणा दिसायचा एवढंच. बघायला आलेला माणूस ‘नाद खुळा’ म्हणून जायचा आणि तू दिवसभर ते मनात घोळवत लेथवर शीळ घालत राहायचास. मला ती शीळ आवडायची. कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू आणखी जोरात घातली असतीस.

पण नुसतं उडणारं विमान तुला नको होतं. खऱ्यात जे जे हलतं ते ह्यात हललं पाहिजे, ही तुझी अट. चाकं पोटात गेली पाहिजेत, दिवे लागले पाहिजेत, वेग कमी करायला पोटाखालची फळी खाली आली पाहिजे, वरची काच उघडली पाहिजे आणि आत बसलेल्या वीतभर पायलटनं मुंडी डावी-उजवीकडं वळवली पाहिजे. त्या पायलटवरून आपला आठवडाभर अबोला होता, आठवतंय?

“कोल्हापूरचा पायलट हाय, मिशा पायजेत,” मी म्हणालो.

“मास्क लावल्यावर मिशा कुठं दिसत्यात रं खुळ्या?”

“मग मास्क काढ.”

“मास्क काढला तर एवढ्या वर श्वास कशानं घेणार त्यो?”

वीतभर प्लॅस्टिकचा माणूस, आणि तुला त्याच्या श्वासाची काळजी. मी तेव्हा हसलो होतो. आता हे आठवलं की हातातली वस्तू भिंतीवर मारावीशी वाटते. शेवटी मी मिशा रंगवल्या आणि त्यावर तू मास्क चिकटवलास. दोघांचंही खरं झालं आणि अबोला सुटला.

मग ती छत्री. हे विमान जमिनीवर उतरल्यावर थांबायला मागून पॅराशूट सोडतं, म्हणून आपल्यालाही पॅराशूट हवं. ते शमीमभाभींनी शिवलं. भाभी, म्हणजे तुझी बायको, गल्लीतल्या निम्म्या नवरीमुलींचे घागरे शिवते, आणि तू तिला टाका कसा घालायचा ते सांगायला गेलास.

“शिवण सरळ न्हाई आली, शमीम.”

त्यांनी कात्री मेजावर आपटली. “नवरीचं घागरं शिवतीया मी. तुमच्या इमानाच्या ढुंगणाला बांधायच्या फडक्यावरनं मला शिवण शिकवू नगासा.”

मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो. तू मात्र गंभीर. परत उसवायला लावलीस, परत शिवून घेतलीस. आणि शेवटी ती छत्री हॉलमध्ये पंख्याखाली भसकन फुलली तेव्हा तू भाभींकडं असं काही बघितलंस की मी उठून चप्पल शोधायला लागलो. असा बघणारा माणूस तिच्याशी असा वागला, हे माझ्या डोक्यात अजून बसत नाही.

सांगतो कसं वागलास ते. आता त्या दारावर येतो.

चाक पोटात जाताना आधी दार उघडतं, चाक आत जातं, मग दार मिटतं. मागच्या चाकांची दारं सरळ वागली. पुढच्या चाकाचं उजवं दारही सरळ वागलं. डावं मात्र पुरतं मिटेना. पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहायची. तू बिजागरी बदललीस. पितळेची केलीस, स्टीलची केलीस, परत पितळेची केलीस. दार घासलंस, दार नवीन केलंस. मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून तुझ्याकडं यायचो आणि तू विमानाच्या नाकाखाली उताणा पडलेला असायचास, तोंडात स्क्रू धरून.

“वर गेल्यावर कुणाला दिसतंय रं ते?”

“मला दिसतंय की.”

आपलं भांडण इथं अडलं आणि अडूनच राहिलं. तुझ्या शेडचा एक नियम होता, भिंतीवर मीच तो लाल अक्षरात रंगवून दिला होता: गेजमधून पास झाल्याशिवाय माल शेडबाहेर जाणार नाही. गेज म्हणजे माप पारखायचा साचा. त्यात न बसलेला एक बुश, बोटभर पितळी नळी, तू कधी गिऱ्हाइकाला दिला नाहीस, गिऱ्हाईक दारात थयथयाट करत असलं तरी. उद्यमनगरात याच्यासाठी तुला मान होता आणि तो योग्यच होता. पण बुश वेगळा, मर्दा. तो थांबला म्हणून कुणी मरत नाही.

दसऱ्याला उडवू म्हणालास. खंडेनवमीला दरवर्षीसारखा लेथला हार घातलास, नारळ फोडलास, विमानालाही मला हळद-कुंकू लावायला लावलंस आणि दुसऱ्या दिवशी म्हणालास, दिवाळीला. दिवाळीला म्हणालास, थंडी पडू दे, हवा जड होऊ दे, इंजिनाला बरं. थंडी पडली, हवा जड झाली. तू नाकाखाली उताणाच.

या सगळ्या दिवसांत मी आलो की भाभी चहाबरोबर एकच प्रश्न आणायच्या. “भाऊजी, कधी उडवतायसा?” मला वाटायचं, निम्मा हॉल विमानानं अडवलाय, पाहुणा आला तर बसवायचा कुठं, म्हणून विचारतात. मी थट्टेत म्हणायचो, “आधी तुमच्या नवऱ्याचं दार मिटू द्या.” त्या हसायच्या नाहीत. तुझ्याकडं बघायच्या आणि तू विमानाकडं बघायचास.

तेव्हा तू खिशातून गोळी काढून चघळायचास. पित्त झालंय म्हणायचास. काल तांबडा रस्सा जास्त झाला म्हणायचास. माझ्या दुकानातला माळ्याचा जिना चढताना मध्येच उभा राहून मोबाईल बघायचास आणि मी वरून ओरडायचो, काय ते सारखं मोबाईलमध्ये तोंड. तू जिन्यात मोबाईल बघत नव्हतास.

आणि हाच तू, दस्तू. हाच. मला मुतखड्याचा त्रास झाला होता ते आठव. मी दुकानात सोडा पीत बसलो होतो, पडेल आपोआप म्हणत होतो, घामानं शर्ट चिकटला होता तरी एका बेकरीची पाटी रंगवत होतो. तू आलास. माझ्याकडं एकदा बघितलंस, हातातला ब्रश काढून घेतलास, शटर ओढलंस आणि मला स्कूटरवर मागं घालून दवाखान्यात नेलंस. बेकरीवाल्याच्या पाटीवर नुसतं ‘श्री’ लिहून झालं होतं. रस्ताभर तू मान मागं वळवून ओरडत होतास, लोक बघत होते.

“मराय झालास काय? पाटी काय पळून जातीया व्हय?”

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर किडनीवर आलं असतं. मी कॉटवर पडून रडलो, दुखण्यानं नव्हे, भीतीनं, आणि तू भिंतीकडं तोंड करून उभा राहिलास म्हणजे मला लाज वाटू नये. तुला थँक्यू म्हणालो नाही. आपल्यात कोण म्हणतं? आता म्हणतो. थँक्यू. त्या दिवसाबद्दल, भिंतीकडं केलेल्या तोंडाबद्दल, आणि पुराचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा छातीएवढ्या पाण्यातून माझं अक्षरं कापायचं मशीन डोक्यावर घेऊन माळ्यावर चढवलंस त्याबद्दलही. दुसऱ्याचं काम असलं की तू एका पायावर तयार. स्वतःचं आलं की तुला गेज आठवतो.

तू गेलास ती सकाळ मी लिहिणार नाही. शेडचं शटर वर करता करता खाली बसलास, शेजारच्या फौंड्रीतल्या पोरांनी रिक्षात घातलं आणि दवाखान्याच्या दारात सगळं संपलेलं होतं. मला फोन आला तेव्हा मी म्हणालो, असं कसं, काल तर त्या दारावर कानस घासत होता. जनाज्याला खांदा दिला. तेव्हा राग नव्हता. तेव्हा काहीच नव्हतं.

राग आला तो जियारतीला. तिसऱ्या दिवशी फातिहा झाला, माणसं उठली, मीही उठत होतो, तेवढ्यात तुझ्या पोरानं, आसिफनं, सांगितलं की अम्मीला तुमच्याशी बोलायचंय. भाभी इद्दतीत बसल्या होत्या. नवऱ्यामागं सव्वाचार महिने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. इतकी वर्षं मला समोर बसवून चहा देणाऱ्या भाभी पडद्याआडून बोलल्या. मी अलीकडं खुर्चीत, त्या पलीकडं, आणि मध्ये तुझं विमान, चादरीनं झाकलेलं.

“भाऊजी, त्येंनी तुम्हास्नी सांगितलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई. त्येंनी मला शप्पत घातलीती.”

“कशाची?”

“दसऱ्याच्या आधीच डॉक्टरनी सांगितलंतं. काळजाच्या नळ्या बंद झाल्यात, लगीच ऑपरेशन करा म्हणून. म्हणालं, इमान एकदा उडून खाली उतरू दे, दुसऱ्या दिवशी ॲडमिट हुतो. मी रोज मागं लागायची. रोज म्हणायचं, दार तेवढं मिटू दे.”

मी विचारलं, “मग मला का न्हाई सांगितलं? मला सांगायला काय झालंतं?”

मग त्या म्हणाल्या, “म्हणायचं, आन्याला कळलं तर त्यो दार तसंच ठिवून उद्याच उडवंल.”

बरोबर ओळखलंस. शाबास. उद्याच उडवलं असतं. उद्या कशाला, त्याच संध्याकाळी. ते दार चिकटपट्टीनं बांधलं असतं, नाही तर उपटून पंचगंगेत फेकलं असतं. विमान पडलं असतं तर पडलं असतं. तू दुसऱ्या दिवशी दवाखान्यात असतास, छातीला टाके घालून पडून असतास आणि येईल त्या नर्सला सांगत असतास की त्या आन्यानं माझ्या विमानाचा भुगा केला. माझ्याशी जन्मभर बोलला नसतास. चाललं असतं मला. मी रोज तुझ्या शेडवरून जाऊन तुझी पाठ बघितली असती आणि जिवंत माणसाची पाठ आहे म्हणून गप घरी आलो असतो. तुला हे सगळं माहीत होतं, आणि म्हणूनच तू मला सांगितलं नाहीस. मला इतकं नीट ओळखणारा एकच माणूस होता आणि त्यानं ती ओळख माझ्यापासून लपायला वापरली.

भाभींच्या तोंडाला कुलूप लावलंस, आणि सगळं तिला डोळ्यांदेखत बघायला लावलंस. ती बाई रोज चहा घेऊन येत होती आणि रोज ‘कधी उडवतायसा’ विचारत होती. शप्पत न मोडता माझ्यापर्यंत पोचायचा तेवढा एकच रस्ता तिच्याकडं होता. आणि मी थट्टा करत होतो. त्या थट्टेचं ओझं मी माझ्या डोक्यावर घेणार नाही, सांगून ठेवतो. ते तुझ्या खात्यावर.

आणखी एक विचारायचंय. सुताएवढी चूक न होऊ देणारा तुझा हात. त्या हाताला एक दार मिटवता येत नव्हतं यावर मी विश्वास ठेवायचा? मी खूप विचार केलाय. मला वाटतं, तू घाबरला होतास. छाती फाडणार म्हणून घाबरला होतास, आणि ते दार मिटत नव्हतं तोवर तुला कुठं जायचं नव्हतं. असं होतं का? का खरंच ती फट तुझ्या डोळ्यात सलत होती? दोन्हींतलं काय खरं ते आता कुणीच सांगणार नाही, आणि मला दोन्हींचा सारखाच राग येतो. घाबरला होतास तर म्हणायचं होतंस की. मी तुझ्यासमोर कॉटवर पडून रडलो होतो. तू रडला असतास तर मी भिंतीकडं तोंड केलं असतं. एवढं मला येतं.

नंतर मी तुझ्या घरी गेलोच नाही. ईदेला आसिफ पुण्याहून आला, शिरखुर्म्याचा डबा घेऊन दुकानात आला. गुणी पोरगा आहे, तुझ्यासारखा आडमुठा नाही.

“काका, विमानाला काचेची पेटी करून घेऊ या. हॉलमध्ये राहील, पप्पांची आठवण. उडवू नका पण. पडलं तर पप्पांचं म्हणून काय राहणार आमच्याकडं?”

त्याचं चुकत नव्हतं. हवेत नेलं की त्याचा भरवसा नाही. नवीन जेट पहिल्या उड्डाणाला काय करील हे कुणी सांगू शकत नाही, आणि माझा हात चुकला तर तुझ्या इतक्या वर्षांच्या कामाचे तुकडे मला माळावरून वेचून भाभींच्या पुढ्यात ठेवावे लागणार. मी आसिफला सांगितलं, मी हातच लावत नाही, तुम्ही पेटी करा. डबा मात्र ठेवून घेतला.

गेल्या आठवड्यात भाभींचा फोन आला.

“इद्दत झाली, भाऊजी. चार महिनं ह्येच्याकडं बघत बसलीया. घरात दुसरं हाय काय बघायला? आता एक तर उडवा, न्हाई तर फौंड्रीच्या भट्टीत घाला. काचंत घालून मला ह्ये जन्मभर बघायचं न्हाई.”

“आसिफ नको म्हणतोय. आणि पडलं तर, भाभी?”

“पडू दे की. माणूस पडलं, इमानाचं काय घिऊन बसलासा?”

आसिफला त्यांनीच समजावलं. कसं ते मला माहीत नाही, पण शनिवारी मी तुझ्या घरी गेलो तेव्हा तो विमानावरची चादर काढून घडी घालत होता.

मी पहिलं काम काय केलं सांगू? तुझं ते दार काढलं. डावंही काढलं आणि उजवंही. तुझ्या बारीक पान्यानं एकेक स्क्रू फिरवला आणि तू ऐकत असशील तर ऐकावंस म्हणून प्रत्येक स्क्रू वाटीत टण्णदिशी टाकला. पुढच्या चाकाच्या जागी एक मोठं भोक राहिलं. कुठल्याही गेजमधून पास झालं नसतं. मला दिसतंय की, म्हणायचास ना? बघ म्हटलं आता.

गारगोटी रोडला आत एक प्लॉटिंग आहे, आपण बघून ठेवलेलं. रस्ते डांबरी झाले, घरं एकही झालं नाही. तिथला लांब रस्ता म्हणजे आपली धावपट्टी. रविवारी उजाडता उजाडता पोचलो. विमान व्हॅनमध्ये तिरकं घातलं होतं आणि मागच्या सीटवर भाभी त्याच्या पंखाखाली अंग चोरून बसल्या होत्या. सव्वाचार महिन्यांनी बाई पहिल्यांदा घराबाहेर पडली ती अशी. आसिफ आग विझवायचं नळकांडं धरून उभा राहिला. मी एकेक तपासलं, पंखाच्या फळ्या, शेपूट, ब्रेक. शेपटीच्या वर तू बसवलेली छत्रीची डबी उघडून बघितली. सगळं जागच्या जागी. त्या सगळ्यात चूक शोधत होतो मी, खरं सांगतो. एखादी सापडली असती तर बरं वाटलं असतं.

इंजिन आधी कुरकुरलं, मग पेटलं आणि त्याचा आवाज चढत गेला. भाभींनी पदर कानावर घेतला. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, थ्रॉटलची दांडी पुढं केली. विमान आधी आळसावल्यासारखं निघालं आणि मग एकदम पळालं. मला वाटलं होतं त्याच्या आधीच नाक उचललं. वर जाताच उजवीकडं कललं. मागं आसिफ ‘या अल्लाह’ म्हणाला. मी सावरलं, दोन टिचक्या डावीकडं दिल्या आणि ते सरळ झालं. मग चाकं आत घेतली. दस्तू, तुझी चाकं अशी आत गेली की बोटं मिटावी तशी. भोक खालून दिसत नव्हतं. मी मुद्दाम जवळून, खालून एक फेरी मारली, खास तेवढंच बघायला. कुणालाच दिसत नव्हतं.

आणि काय उडत होतं रे. ऊन नुकतं चढत होतं, मी रंगवलेला तो हिरवा-राखाडी पट्टा चमकायचा, वळताना पोट दिसायचं, आवाज मागून यायचा. मी दिवे लावले, पोटाखालची फळी खाली घेतली, परत वर घेतली. तू केलेलं एकूण एक चाललं. मी शिव्या देत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. जेट उडवताना डोळ्यांत पाणी येऊन चालत नाही, म्हणून त्याचाही राग आला.

या इंजिनाला रॉकेल फार पुरत नाही. एका चहाला लागेल तेवढा वेळ झाला आणि मी उतरायला आणलं. चाकं खाली आली, विमान जोरात आलं, रस्त्याला टेकलं, जरासं उडालं, परत टेकलं. मी बटण दाबलं. भाभींची छत्री मागं फुलली. विमान धावत धावत हळू झालं आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं, एक ओरखडा नाही.

मी इंजिन बंद केलं. आसिफ पळत विमानाकडं गेला आणि गुडघ्यावर बसला. भाभी मात्र सावकाश चालत माझ्याकडं आल्या. विमानाकडं त्यांनी एकदाच बघितलं, मग मोकळ्या आकाशाकडं आणि मग माझ्याकडं.

“एवढंच हुतं व्हय, भाऊजी?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच विचारायचं होतं. आणखी काही बाकी आहे का, अजून काही मोठं व्हायचं आहे का, ज्याच्यासाठी एवढं थांबायला लागलं. त्या माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. काहीतरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तुझ्यासारखं खोटं मला जमत नाही.

“व्हय, भाभी,” मी म्हणालो. “एवढंच.”

त्या तिथंच डांबरावर बसल्या.